शेवटच्या रांगेतून दिसणारे चित्र : नाटकाच्या पेंटरचे काम आणि कारकीर्द

सोलापुरातल्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीने ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षक पदविका, पूर्ण केली आहे आणि शाळेतल्या नोकरीची वाट पाहत बसण्यापेक्षा तिला नाटकाचे पडदे आणि सेट रंगवण्याचे काम शिकायचे आहे. तर हे काम आज शिल्लक आहे का, त्यात पोट भरते का आणि शिकायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी. मी १९७९ पासून याच शहरात हे काम करतो. त्याआधी वडील गिरणीत होते, मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेनंतर चित्रकला सोडणार होतो आणि शेजारच्या एका पेंटरांनी सुटीत हाताखाली बोलावले म्हणून या धंद्यात आलो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण ते ऐकीव नसेल.

पहिली अडचण मी आधीच सांगतो, कारण ती बहुतेक शिकलेल्या मुलामुलींना येते. ए.टी.डी. झालेल्या विद्यार्थ्याचा हात तयार असतो, परंतु तो हातभर अंतरावरून पाहण्याच्या चित्रासाठी तयार असतो. नाटकाचे चित्र चाळीस ते सत्तर फुटांवरून पाहिले जाते, रंगीत उजेडात पाहिले जाते आणि त्याच्यापुढे एक माणूस सतत हालत-बोलत असतो. जवळून देखणा वाटणारा पडदा प्रेक्षागृहातून हमखास मेलेला दिसतो. माझ्या स्वतःच्या बाबतीत हे पहिल्याच वर्षी घडले. एका पौराणिक नाटकासाठी मला पिंपळाचे झाड दिले होते आणि मी दोन दिवस खपून त्याचे पान न् पान शिरेसकट रंगवले. आमचे मास्तर सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे, पद्मशाली विणकरांच्या घरातले. त्यांनी काही न बोलता माझा दंड धरला, हॉलच्या शेवटच्या रांगेत नेऊन उभे केले आणि विचारले, "काय दिसतंय सांग." मला हिरवा बोळा दिसत होता. मग त्यांनी जुना झिजलेला कुंचा घेतला, हिरव्याच्या तीन छटा डब्यांत कालवल्या आणि अर्ध्या तासात सगळ्या पानांवरून हात फिरवला. शेवटी आकाशाचा फिकट निळा घेऊन झाडाच्या मधोमध पंधरा-वीस ठिपके असे टाकले की पलीकडचे आभाळ फांद्यांतून डोकावल्यासारखे झाले. "पानं रंगवू नको रे, पानांतल्या फटी रंगव," एवढेच ते म्हणाले. पुन्हा मागे जाऊन पाहिले तर पिंपळ उभा होता. हे एक वाक्य हाताला कळायला मला त्यानंतर चार-पाच वर्षे लागली.

हा धंदा उभा कसा राहिला हे थोडे माहीत असणे आवश्यक आहे, कारण आजची कामाची पद्धतही त्यातूनच आली आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीता स्वयंवर' केले तेव्हा मागे एखादा साधा पडदा असला की भागत असे. सूत्रधार स्थळ सांगे आणि प्रेक्षक ते मानून घेत. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. मुंबईतल्या पारशी कंपन्यांचे रंगीत देखावे लोकांनी पाहिलेले होते आणि मराठी प्रेक्षकालाही पडद्यावर आश्रम, महाल, उद्यान पाहावेसे वाटू लागले होते. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि देवादिकांची तैलरंगासारखी छापील चित्रे घरोघरी गेली, तशी पडद्यावरची अपेक्षाही वाढली. भिंतीवरची सरस्वती इतकी खरी दिसते तर नाटकातला महाल पत्र्यासारखा सपाट का, असे लोक म्हणू लागले असतील, तर त्यात त्यांचे काही चुकले नाही.

नाटक कंपन्यांच्या भरभराटीच्या काळात पेंटर हा कंपनीचा पगारी माणूस असे आणि तो कंपनीच्या बिऱ्हाडात जेवूनखाऊन राही. ठरावीक पडद्यांचा एक संच प्रत्येक कंपनीजवळ असायचाच: दरबार, बाग, जंगल, तुरुंग, झोपडी आणि रस्ता. यातला रस्त्याचा पडदा लोकांना क्षुल्लक वाटतो, परंतु सगळ्या नाटकाची यंत्रणा त्याच्यावर चाले. तो रंगमंचाच्या पुढच्या भागात सोडला की त्याच्यापुढे दोन पात्रांचा विनोदी किंवा निरोपाचा प्रवेश रंगे आणि तेवढ्या वेळात मागे दरबाराची सिंहासने लागत. घंटा झाली की रस्ता वर गुंडाळला जाई आणि दरबार तयार. लेखकही प्रवेशांची रचना हे लक्षात घेऊनच करत. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली होती आणि पुढे मद्रासपर्यंत जोडली गेली, त्यामुळे कंपनीचे सामान, म्हणजे बांबूवर गुंडाळलेले हे पडदे, मालगाडीच्या वाघिणीत टाकून गावोगाव नेणे शक्य झाले. गुंडाळून, उलगडून, पुन्हा गुंडाळूनही ज्याचा रंग झडत नाही तोच पडदा चांगला, ही कसोटी त्या प्रवासाने घालून दिली आणि ती अजून बदललेली नाही.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवतच मोठे झाले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' दाखवला. मराठी चित्रपटाचे कलादिग्दर्शन पडदा रंगवणाऱ्याच्या कुंच्यातून निघाले आहे, हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना मुद्दाम सांगतो, कारण पेंटर म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानाची पाटीच येते. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेनही सिनेमाची मोठाली फलके रंगवत होते. ललितकलादर्श या नाटक मंडळीसाठी पु. श्री. काळे यांनी जे नेपथ्य केले त्याचे वर्णन आमच्या मास्तरांनी त्यांच्या मास्तरांकडून ऐकले होते आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. १९३१ नंतर बोलपट आले, कंपन्या एकेक करून बसल्या आणि पगारी पेंटर रस्त्यावर आला. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' झाले तेव्हापासून तर मागचा पडदा जाऊन तीन भिंतींची खरी वाटणारी खोली आली, म्हणजे आजचा बॉक्स सेट. पडद्यावर खांब रंगवण्याची विद्या त्यामुळे फ्लॅटवर, म्हणजे लाकडी चौकटीच्या खोट्या भिंतीवर, ओल आलेली भिंत रंगवण्याकडे वळली. पण विद्या तीच आहे.

आमच्या गावाची एक गोष्ट वेगळी आहे. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच चौकात बोलल्या जातात आणि प्रत्येक भाषेची नाटकाची रीत निराळी आहे. मास्तरांचे मामा हैदराबादकडे असत, त्यामुळे त्यांनी सुरभी मंडळींचे प्रयोग लहानपणी पाहिले होते. १८८५ मध्ये सुरू झालेली ही आंध्रातली घराण्यांची नाटक परंपरा रंगवलेले पडदे आणि चमत्कारांचे देखावे आजही जिवंत ठेवून आहे. तिकडच्या पडद्यांत रंग भडक आणि कडा धारदार असतात, कन्नड कंपन्यांच्या पडद्यांत कमानी आणि नक्षी भरपूर असते आणि आपल्याकडच्या संगीत नाटकात जरा संयम असतो. सोलापूरच्या पेंटरला तिन्ही हात यावे लागतात. तुमच्या मुलीने पुण्या-मुंबईचे काम तर पाहावेच, पण एकदा हैदराबादला जाऊन सुरभीचा प्रयोगही पाहावा आणि तोही पहिल्या रांगेत न बसता.

आता प्रत्यक्ष काम. तीस फूट रुंद आणि सोळा फूट उंच असा मागचा पडदा धरा. छत्तीस इंच पन्ह्याचे मांजरपाट, म्हणजे साधे जाडे सुती कापड, घेतले तर सहा पट्ट्या आडव्या जोडाव्या लागतात, म्हणजे प्रत्येकी तीस फूट प्रमाणे एकशे ऐंशी फूट कापड. शिवण आडवीच ठेवायची, कारण पडदा लटकला की कापडाचे वजन ती शिवण ताणून सपाट करते. उभी शिवण मात्र सुरकुतते आणि उजेडात रेघ दिसते. खाली बांबू किंवा पाईप घालण्यासाठी नेफा सोडायचा. सोलापुरात राहण्याचा एक फायदा असा की, पूर्व भागातल्या ओळखीच्या कारखानदाराकडे चादरीच्या मोठ्या मागावर दुप्पट पन्ह्याचे साधे कापड विणून मिळते आणि निम्म्या शिवणी वाचतात. बाहेरगावच्या पेंटरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना हेवा वाटतो.

त्यानंतर सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला डिंक. हल्ली बहुतेक जण बाजारातले तयार ॲक्रिलिक डिस्टेंपर वापरतात आणि मीही फ्लॅटसाठी तेच वापरतो, परंतु गुंडाळायच्या पडद्याला सरसात कालवलेला कोरडा रंग अजूनही सर्वांत चांगला, कारण तो कापडात मुरतो, कापड मऊ राहते आणि उजेड परत फेकत नाही. सरसाच्या वड्या रात्री थंड पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी त्या फुगून थुलथुलीत होतात. मग एका मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सरसाचा डबा उभा करायचा. डबा थेट जाळावर ठेवायचा नाही. साधारण एकास दहा पाणी लागते, पण वडीची प्रत दरवेळी बदलते, म्हणून शेवटचा निकाल बोटांचा. अंगठा आणि तर्जनी त्यात बुडवायची, फुंकर घालायची आणि दोन्ही बोटे हलकेच दाबून सोडायची. सोडताना त्वचा किंचित धरून ठेवली पाहिजे, चिकटून बसता कामा नये. सरस जास्त झाला तर रंग कडक होऊन गुंडाळताना तडकतो आणि पडद्याच्या कडा वळतात. कमी झाला तर रंग हाताला लागतो. आमच्या मास्तरांची बोटे डोळे मिटून हे सांगत. माझी आता सांगतात, पण थंडीत अजून फसतात, कारण डिसेंबरच्या पहाटे डब्यातला सरस पाहता पाहता गोठून जेलीसारखा होतो.

डबा थेट जाळावर का ठेवायचा नाही, हे मी एका प्रयोगाची वाट लावून शिकलो. शहरातल्या एका हौशी संस्थेने संगीत नाटक बसवले होते, महालाचे दोन खांब राहिले होते आणि प्रयोग संध्याकाळी होता. घाईत मी सरसाचा डबा स्टोव्हवरच चढवला आणि तो खळाखळा उकळला. उकळला की सरसाची पकड जाते. दिसायला तो तसाच दिसतो, वासही तोच येतो, पण चिकटपणा मरतो. रंग वाळला, छान दिसला, आम्ही खांब उभे केले. दुसऱ्या अंकात नायिका विरहाचे पद म्हणताना खांबाला टेकली आणि वळली तेव्हा तिच्या पांढऱ्या शालूच्या पाठीवर पिवडीचा आणि निळीचा अख्खा खांब उमटला होता. प्रेक्षक हसले आणि बाईंनी ते पद तसेच, एकही सूर न ढळू देता पुरे केले. मी विंगेत उभा होतो. शालूची धुलाई माझ्या पैशांतून गेली हे ठीकच झाले, पण त्या बाईंनी मला नंतर एक शब्दही बोलून दाखवला नाही, हे मला आजही जास्त बोचते.

रंगांचे सांगायचे तर मूळ सामान फार थोडे असते: खडूची भुकटी, झिंकचा पांढरा, पिवडी, गेरू, नीळ, काजळी आणि एखादा झणझणीत लाल. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो, म्हणून प्रत्येक मिश्रण आधी त्याच कापडाच्या पट्टीवर लावून, शेकून, वाळवून पाहायचे. बाजारातला जुना क्रोम पिवळा शिशाचा असतो; कोरडा रंग कालवताना तो नाकात जातो आणि आम्ही वर्षानुवर्षे तोंडाला रुमालही न बांधता काम केले. तुमच्या मुलीने पहिल्या दिवसापासून चांगला मास्क वापरावा आणि रंगाच्या हाताने चहा पिऊ नये. हा सल्ला कौतुकाचा नाही. माझ्या बरोबरीच्या दोघांची छाती कायमची गेली आहे.

पडदा जमिनीवर पसरून, अनवाणी चालत, लांब काठीला बांधलेल्या कुंच्याने रंगवायचा, अशी आमची पद्धत आहे. छोट्या चित्रावर चौकटी आखून त्याच चौकटी फुटा-फुटाने पडद्यावर मारायच्या. त्यासाठी सुतळी कोळशाच्या पुडीत घोळवून दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. ती रेघ गवंड्याच्या सुतासारखी सरळ उमटते. क्षितिजरेषा साधारण उभ्या नटाच्या डोळ्यांच्या उंचीवर घ्यायची आणि नटाला मागे किती जाता येईल याची खूण दिग्दर्शकाला आधीच देऊन ठेवायची, नाहीतर दूरच्या डोंगराशेजारी तो डोंगराएवढाच दिसतो. आकाश नेहमी आधी आणि एका दमात. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा निळ्यात पांढरा मिसळेपर्यंत कापड वाळून खडखडीत होते आणि आभाळाला पट्टे पडतात. म्हणून त्या दिवसांत आम्ही पहाटे चारला सुरुवात करून आठच्या आत आभाळ संपवतो. पावसाळ्यात याच्या उलट, रंग वाळतच नाही आणि सरसाला बुरशी येऊन असा वास सुटतो की शेजारी भांडायला येतात. त्यावर चिमूटभर मोरचूद घालण्याचा जुना उपाय आहे.

उजेडाचे शास्त्र वेगळे शिकावे लागते. निळ्या प्रकाशात लाल रंग काळा पडतो. रात्रीच्या प्रवेशात गेरूची भिंत एकदम भोकासारखी दिसते ती यामुळेच. म्हणून कोणतीही भिंत एकाच रंगाने सपाट सोडायची नाही. मूळ रंग वाळला की त्यावर कुंचा झटकून आधी उबदार रंगाचे आणि मग थंड रंगाचे बारीक शिंतोडे मारायचे. जवळून ते गोवर आल्यासारखे दिसतात. लांबून दिसतही नाहीत, पण पिवळा प्रकाश आला की उबदार ठिपके उजळतात आणि निळा आला की थंड. एकाच भिंतीवर सकाळ आणि रात्र दोन्ही खेळवता येतात. शिंतोडे मारण्याच्या कामाला नवीन मुले कंटाळतात, आणि मला विचाराल तर कोण टिकेल हे मी तिथेच ओळखतो.

बॉक्स सेटमध्ये रंगापेक्षा निरीक्षण अधिक लागते. मध्यमवर्गीय खोली रंगवायची असेल तर दिव्याच्या बटणाभोवती हाताचा मळ हवा, खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर भिंतीला घासल्याची रेघ हवी, कॅलेंडर काढले तर त्याच्या जागी फिकट चौकोन दिसला पाहिजे आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून पावसाचे ओघळ उतरलेले असले पाहिजेत. यातले काही प्रेक्षकाला वेगळे दिसत नाही, पण नसले तर भिंत नवी कोरी आणि खोटी वाटते. या बाबतीत माझी सर्वांत मोठी चूक राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर झाली. दुष्काळी गावावरचे नाटक होते आणि मी कुठल्याशा मासिकातल्या चित्रावरून उतरत्या कौलांचे, फार सुरेख घर रंगवले. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग झाल्यावर मंगळवेढ्याकडचे एक वयस्कर शेतकरी आत आले, सेटभोवती एक चक्कर मारली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "पेंटर, घर झ्याक झालंय, पर आमच्याकडं माळवद असतंय की. ही कौलं कोकणातली हायत न्हवं?" माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. चाळीस वर्षांत मिळालेल्या परीक्षणांत ते मला सर्वांत कामाचे वाटते. त्यानंतर मी वही घेऊन मोहोळ, माढा, सांगोला या भागांत हिंडलो. पांढऱ्या मातीची धाबी, सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, आत उतरणारा उजेड, पावसाने भिंतीच्या वरच्या भागात गळालेली माती, हे सगळे उतरवून घेतले. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि शिकणाऱ्या कोणालाही ती पाहता येते.

आता पोटाचा प्रश्न. केवळ नाटकावर सोलापुरात एक माणूस वर्षभर जगू शकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आमचे वर्ष असे जाते: भाद्रपदात गणेश मंडळांचे देखावे, नंतर नवरात्र, दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ, जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, लागणाऱ्या खेळांची दर्शनी कामे, त्याच सुमारास शाळा-महाविद्यालयांची संमेलने, फेब्रुवारीत शिवजयंती आणि एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांचे भव्य देखावे. उन्हाळ्यात बालनाट्य शिबिरे आणि जून-जुलैत हात रिकामे. त्या दोन महिन्यांसाठी काहीतरी जोड लागते. मी घरांच्या भिंती रंगवल्या, बायकोने शिलाई केली आणि मुलांच्या फिया भरल्या गेल्या. कामाचा दर चौरस फुटावर ठरतो आणि सामान आपले की त्यांचे यावरून भांडणे होतात, म्हणून ते कागदावर लिहून घ्यावे आणि निम्मे पैसे कापड कापण्याआधी घ्यावेत. पडदा वर चढला की पैसे खाली उतरत नाहीत, असे आमच्यात म्हणतात.

२००० नंतर फ्लेक्स आला आणि पाटी-फलक रंगवणारे आमचे बहुतेक सोबती एका दशकात धंद्याबाहेर गेले. कोणी रिक्षा घेतली, कोणी यंत्रमागावर गेले. नाटकालाही फ्लेक्स लावून पाहिले गेले. त्याचा दोष असा की तो चकाकतो, दिव्याचा गोळा त्यावर जसाच्या तसा दिसतो, आणि त्यावरचे चित्र मुळात जवळून पाहण्यासाठी छापलेले असते. अलीकडे एलईडीची भिंत लावतात. ती इतकी उजळ असते की तिच्यापुढे नटाचा चेहरा अंधारात जातो. तरीही शाळेच्या संमेलनाचे लोक माझ्याकडे आले आणि त्यांच्याकडे पैसे थोडे असले, तर मी स्वतःच त्यांना फ्लेक्स सुचवतो. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी आठ दिवसांचे काम विकणे मला पटत नाही.

पुढे जायचे असेल तर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही आपल्या रेल्वे स्टेशनवरून सुटतात. एक मुंबईचा, जिथे व्यावसायिक नाटकांच्या सेटचे कारखाने आणि गोरेगावची चित्रनगरी आहे. दुसरा हैदराबादचा, जिथे रामोजी फिल्म सिटीसारख्या ठिकाणी सेट रंगवणाऱ्यांना सतत काम असते. तिकडे चित्रपटाचा पैसा नाटकाच्या कितीतरी पट आहे, मात्र सेट कॅमेऱ्यासाठी रंगवावा लागतो, म्हणजे पुन्हा जवळून. निव्वळ रंगवण्याऐवजी नेपथ्याची कल्पना करणारा होण्याची इच्छा असेल, तर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र यांचा विचार करावा. द. ग. गोडसे यांच्यासारख्या माणसांनी नेपथ्यकाराला विचार करणारा कलावंत म्हणून जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा फायदा आजच्या मुलांना होतो. दिल्लीला प्रवेश घेताना पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव पाहतात, तेव्हा आतापासून स्पर्धेच्या प्रत्येक नाटकाची नोंद ठेवावी.

नोंदीवरून आणखी एक. नटाचे नाव हस्तपत्रिकेवर छापले जाते, नेपथ्यकाराचेही छापले जाते; रंगवणाऱ्याचे बहुधा राहून जाते. मी एका संस्थेसाठी सलग नऊ वर्षे काम केले आणि त्यांच्या स्मरणिकेत मंडपवाल्याचे आभार आहेत, माझे नाहीत. पुढे ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज करण्याची वेळ आली, तेव्हा पुरावा मागितला आणि माझ्याकडे रंगाने माखलेल्या डब्यांखेरीज काही नव्हते. तुमच्या मुलीने प्रत्येक कामाचा, उजेड लावल्यानंतरचा, एक फोटो काढावा आणि संस्थेकडून दोन ओळींचे पत्र लगेच घ्यावे.

ती मुलगी आहे म्हणून तुम्हाला काळजी वाटते, हे तुमच्या पत्रात लिहिले नसले तरी जाणवते. माझ्याकडे सध्या दोन मुली काम करतात. शिडीवर चढण्याची अडचण त्यांना नाही, ती मला आहे. माझे गुडघे गेले. खरी अडचण वेळेची आहे. आदल्या रात्रीचा प्रयोग संपून हॉल आमच्या ताब्यात येतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात आणि सेट पहाटेपर्यंत लावावा लागतो. त्या रात्री घरचे कोणीतरी आणायला येईल किंवा संस्था गाडी देईल, हे आधी ठरवूनच काम घ्यावे. मी स्वतः हे ठरवल्याशिवाय मुलींना थांबवत नाही.

सुरुवात करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. चाटी गल्लीतून पाच मीटर मांजरपाट आणावे, दोन पट्ट्या आडव्या जोडून सहा फूट बाय आठ फुटांचे कापड करावे, आणि त्यावर स्वतःच्या घरातली एक भिंत, तिचा सगळा मळ आणि ओल यांसह, फक्त तीन छटांत रंगवावी. मग गच्चीवर ते टांगून संध्याकाळी एक पिवळा दिवा लावावा, चाळीस फूट मागे जावे आणि जे खटकेल ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करावे. असे तीनदा झाले की ते कापड घेऊन तिने माझ्याकडे यावे. कोणत्याही दिवशी चालेल, मात्र आदल्या दिवशी कळवावे, कारण सरस रात्रीच भिजत घालावा लागतो.